वरच्या वहीतला हिशेब

२०२४ साली एक मजेशीर योग जुळून आला होता. बलिप्रतिपदा, म्हणजे दिवाळीचा पाडवा, आणि ख्रिस्ती लोकांचा मृतांचा स्मरणदिन हे दोन्ही एकाच दिवशी, २ नोव्हेंबरला आले. हे दोन दिवस बहुधा एकमेकांच्या आसपासच घुटमळत असतात. त्या वर्षी त्यांनी गाठच घेतली. वसईच्या बाजारपेठेत व्यापारी नव्या वह्यांवर कुंकवाची बोटे उमटवीत होते, आणि त्याच दिवशी गावोगावच्या चर्चलगतच्या दफनभूमीत माणसे फुले व मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांशी उभी होती. इकडे जमाखर्चाची वही उघडण्याचा सण, आणि तिकडे ज्यांची वही कायमची मिटली त्यांच्या आठवणीचा दिवस. ह्या दोन वह्यांचे एकमेकींशी काही नाते आहे काय, हे पाहावे म्हणून हा लेख लिहिण्यास बसलो आहे.

‘वर हिशेब द्यायचा आहे’ हे वाक्य कोणत्या मराठी घरात ऐकू येत नाही? हिंदूंच्या घरी चित्रगुप्त आहे, मुसलमानांच्या घरी कयामतीचा दिवस आहे. आम्हां वसईच्या ख्रिस्ती माणसांच्या घरी तर ही गोष्ट श्रद्धेच्या कबुलीतच घातलेली आहे. जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यासाठी ख्रिस्त पुन्हा येणार आहे, असे दर रविवारी मिस्सेत आम्ही सारे उभे राहून म्हणतो. म्हणतो खरे, पण सोमवारी सकाळी भाजीच्या टोपलीशी, जमिनीच्या कागदाशी, भावाभावांच्या वाटणीशी गाठ पडते तेव्हा ह्या म्हणण्याचे काय होते? देवाच्या न्यायावरचा विश्वास माणसाचा हात धरतो की नुसताच तोंडात राहतो? प्रश्न मोठा आहे. त्याचे उत्तर मी धर्मपंडितांच्या ग्रंथांत न शोधता आमच्या वाडीतच शोधणार आहे.

वाचकांपैकी पुष्कळांना वसई ठाऊक असते ती किल्ल्यामुळे किंवा केळ्यांमुळे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली ती पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांतील कित्येक कुटुंबे ख्रिस्ती झाली. पोर्तुगीज गेले, धर्म राहिला. आणि विशेष म्हणजे बोलीही राहिली, शेतीही राहिली. केळी, पानवेल, भाजी आणि फुले हा आमचा पिढीजात व्यवसाय. तेव्हा ‘न्याय’ म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे काळा डगला घातलेला न्यायाधीश आधी येत नाही. आधी येतो तराजू.

परीक्षेचे सहा प्रश्न

कॅथलिक शिकवणीप्रमाणे माणसाचा न्याय दोनदा होतो. एक, मरणानंतर लगेच, ज्याचा त्याचा. पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ साली ही गोष्ट अधिकृतपणे सांगून टाकली. दुसरा न्याय जगाच्या अंती, सर्वांचा, सर्वांच्या देखत. ह्या दोहोंच्या मध्ये शुद्धिस्थान. जो माणूस अगदी वाईट नव्हता पण पुरता निर्मळही नव्हता, त्याच्या शुद्धीची ती अवस्था. २ नोव्हेंबरच्या मेणबत्त्या आणि मृतांसाठी सांगितल्या जाणाऱ्या मिस्सा ह्या त्याच्यासाठी असतात. जिवंत माणसांनी मेलेल्यांच्या हिशेबात थोडी भर घालावी, अशी त्यामागची समजूत आहे.

परंतु न्यायाच्या दिवशी विचारतील काय? ह्याचे उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. मेंढपाळ मेंढरे व शेरडे वेगळी करतो तशी माणसे वेगळी केली जातील, असे येशू तिथे सांगतो. आणि प्रश्न कोणते? भुकेल्याला जेवू घातलेस का, तहानलेल्याला पाणी दिलेस का, परक्याला घरात घेतलेस का, उघड्याला वस्त्र दिलेस का, आजाऱ्याची विचारपूस केलीस का, तुरुंगातल्याला भेटलास का. बस्स. किती उपास केलेस, किती माळा जपल्यास, देवळाला किती देणगी दिलीस, ह्यांपैकी एकही प्रश्न त्या यादीत नाही. आणखी एक गमतीची गोष्ट अशी की, त्या कथेतील दोन्ही बाजूंची माणसे निकाल ऐकून चकित होतात. चांगल्यांना आपण चांगले केल्याचे ठाऊक नसते; वाइटांना आपण काही टाळल्याचे ध्यानातही नसते. न्यायाची खरी भीती असेल तर ती इथे आहे, असे मला पुष्कळदा वाटते. मोठी पापे माणसाला आठवतात. न दिलेले पाणी आठवत नाही.

वसई रोड स्थानकाजवळ माणिकपूरला सेंट मायकलचे चर्च आहे. हा मायकल म्हणजे देवदूतांचा सेनापती. युरोपातील कित्येक जुन्या चित्रकारांनी त्याला हाती तराजू देऊन रंगविले आहे. एका पारड्यात माणसाचा आत्मा, दुसऱ्यात त्याची पापे. फ्रान्समधील बोन गावच्या जुन्या रुग्णालयासाठी रोगिअर व्हॅन डर वेडन ह्या चित्रकाराने पंधराव्या शतकात काढलेले अंतिम न्यायाचे चित्र ह्याच धर्तीचे आहे, आणि ते रोग्यांच्या दालनात लावण्यासाठीच काढलेले होते. मरणाच्या वाटेवरल्या माणसाला उशाशी असे चित्र! आपल्याला ते निर्दयपणाचे वाटेल. त्या काळच्या माणसांना ती वेळेवर दिलेली सूचना वाटे.

टोपलीतला तराजू

आमच्या आजीने असले चित्र कधी पाहिले नव्हते. पण तराजू मात्र आयुष्यभर हातात धरला. पहाटेच्या गाडीने भाजीची टोपली घेऊन ती मुंबईला जाई. वसई-विरारच्या शेकडो बाया अशाच जात, आणि फुले-भाजी घेऊन आजही जातात. तिचा एक नियम होता. तोलून झाले की वर मूठभर भाजी टाकायची, गिऱ्हाइकाने मागितली नाही तरीसुद्धा. आम्ही मुले हिशेबी! महिन्याकाठी किती मुठी फुकट जातात ह्याचे गणित करून आम्ही तिला सांगू लागलो, तेव्हा ती म्हणाली, “अरे, तोलताना माझा हात कधी हलला असेल, ते मला कुठं कळतं? आणि वरचं म्हणून टाकलेलं वरच जमा होतं.”

ह्या एका वाक्यात किती गोष्टी आहेत पाहा. आपण लबाड आहोत असे तिला वाटत नव्हते. पण आपल्याला न कळता आपल्या हातून लबाडी होत असेल, आणि ती कोणीतरी पाहत असेल, हे तिने धरून चालले होते. पोलिसाची भीती वाटणारा माणूस पोलिसाची पाठ फिरेपर्यंत नीट तोलतो. ज्याला वरचा हिशेब द्यायचा आहे तो अंधारातही वर मूठभर घालतो.

आजच्या काळी हाच तराजू वेगळ्या रूपाने समोर येतो. केळी व आंबे झटपट पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. तरी ते वापरणारे वापरतात. वखारीच्या दाराआड काय चालते ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. तिथे माणसाला अडविणारा एकच तपासनीस उरतो, आणि तो ज्याच्या त्याच्या मनात असेल तरच असतो.

बांध

कॅथलिक माणसाच्या जीवनात न्यायाची एक छोटी तालीम वारंवार होत असते, तिचे नाव पापनिवेदन. गोव्याकडे त्याला कुमसार म्हणतात. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक प्रौढाने वर्षातून निदान एकदा ते केलेच पाहिजे असा नियम घातला. तिथे ऐकलेली गोष्ट धर्मगुरूने प्राण गेला तरी बाहेर सांगावयाची नाही. बाहेरच्या लोकांचा एक गैरसमज असा असतो की, खिडकीशी गुडघे टेकायचे, पाप सांगायचे, चार प्रार्थना म्हणायच्या की पाटी कोरी! तसे नाही. ज्याने दुसऱ्याची वस्तू घेतली त्याने ती परत केली पाहिजे, किंवा निदान शक्य तितक्या लवकर परत करण्याचा खरा निश्चय केला पाहिजे. नाहीतर ती क्षमा लागू पडत नाही. पश्चात्तापाला अश्रू पुरेत, पण चोरीला अश्रू पुरत नाहीत.

ह्याचा अनुभव मी लहानपणी घेतला आहे. आमच्या शेजारच्या वाडीतले एक आजोबा आजारी पडले. दिवस भरत आले असे सर्वांना कळून चुकले होते. एका संध्याकाळी फादर येऊन त्यांना शेवटचे संस्कार देऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी मुलांना बोलावले आणि लगतच्या वाडीच्या मालकालाही बोलावणे पाठविले. तो मालक हिंदू, वयाने त्यांच्या मुलाएवढा. सर्वांच्या देखत आजोबा म्हणाले की, तीस वर्षांपूर्वी आपण बांध कोरला. दरवर्षी थोडा थोडा. आता तो दीड हात तिकडे गेला आहे. दगड उचलून मागे आणा.

थोरला मुलगा गांगरला. “बाबा, मोजणीच्या वेळी कोणी हरकत घेतली नाही. कागद आपल्या बाजूनं आहेत.”

“कागद इथंच राहतात,” म्हातारा म्हणाला. “आणि तिथं वकील नेता येत नाही.”

दगड हलला. त्याबरोबर दोन नारळीची झाडेही पलीकडे गेली. शेजारी अवघडून उभा होता. “काका, जमीन तुम्ही म्हणता तशी घेतो,” तो म्हणाला, “पण माडांना पाणी तुम्ही घातलंत. नारळ तुमच्या घरी येतील.” आणि ते येत राहिले. आजोबा त्यानंतर आठवडाभरच जगले. फादर त्यांना काय म्हणाले होते हे कोणालाच ठाऊक नाही, आणि आता कळणारही नाही.

ही गोष्ट मी पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. ऐकणारे दोन प्रकारचे असतात. काही म्हणतात, पाहा केवढी श्रद्धा! काही म्हणतात, तीस वर्षे श्रद्धा कुठे गेली होती? मला दोघांचेही पटते. न्यायावरचा विश्वास माणसाला बांध कोरू देत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. त्याने बांध कोरला होता. मात्र त्या विश्वासाने त्याला ती दीड हात जमीन तीस वर्षे सुखाने खाऊ दिली नाही, आणि अखेर परत करावयास लावली. कोर्टाने ते कधीच केले नसते.

व्याजाचे पाप आणि पापडीची पेढी

बांधाहून मोठा प्रश्न पैशाचा. मध्ययुगीन ख्रिस्ती धर्म व्याजाच्या इतका विरुद्ध होता की, ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड सावकारी करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले. डांटेने आपल्या नरकात सावकारांना सातव्या वर्तुळात, तापल्या वाळूवर, गळ्यात पैशाच्या थैल्या अडकवून बसविले आहे. पुढे व्यापार वाढला, बँका निघाल्या, आणि चर्चने माफक व्याज व नाडणूक ह्यांत भेद केला. पण ‘अडलेल्याला नाडणे हे पाप’ ही समजूत लोकांच्या मनात खोल राहिली.

वसईत ह्या समजुतीला मोठे विधायक रूप मिळाले. १९१८ साली मोन्सिनिअर पी. जे. मोनीस यांनी बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक ही सहकारी संस्था उभी केली. पापडीला तिचे मुख्य ठाणे. छोट्या शेतकऱ्याला अडीअडचणीला रास्त दराने पैसा मिळावा आणि त्याने सावकाराच्या दारी जाऊ नये, हा सहकारी पतपेढीचा मूळ हेतू. गेली शंभरावर वर्षे ती चालू आहे. खेड्यातील सहकारी पतपेढीची कल्पना जर्मनीत रायफायझन यांच्याकडून निघाली आणि जगभर पसरली. ती काही धर्मोपदेशातून एकट्याने जन्मली नाही. पण एका धर्मगुरूला प्रवचनपीठावरून व्याजखोरीविरुद्ध बोलून थांबता आले असते. भुकेल्याला जेवू घाला हा प्रश्न परीक्षेत येणार असेल, तर त्याची तयारी खातेवहीनेही करता येते, हे त्याने ओळखले. त्या सहा प्रश्नांत पतपेढीचा उल्लेख नाही. तरी माझ्या मते ती त्यांतच बसते.

भीतीचा काळोख

इतके चांगले लिहिल्यावर दुसरी बाजू न लिहिणे हा अन्याय होईल. ह्याच विश्वासाने माणसांना दुखविलेही आहे. आमच्या आधीच्या पिढीत अंत्ययात्रेच्या मिस्सेत क्रोधाच्या दिवसाचे ते लॅटिन स्तोत्र गायिले जाई. शब्द कोणालाही कळत नसत. पण सुरांनीच अंगावर काटा उभा राही. मुलांना नरकाच्या ज्वाळांची वर्णने ऐकविली जात. काही भाबड्या माणसांचे तर आयुष्यच धास्तीत जाई. सांगितलेले पाप नीट सांगितले की नाही, ह्या शंकेने ती पुन्हा पुन्हा धर्मगुरूंकडे धाव घेत.

आणि मेलेल्यांच्या आईबापांचे काय? १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचे दफन नाकारलेले होते. बाप्तिस्मा होण्याआधीच जे मूल गेले, त्यालाही नियमाप्रमाणे पवित्र भूमीत जागा नव्हती. ज्या आईने नऊ महिने वाट पाहिली, तिला मूल कुंपणाबाहेर ठेवावे लागे. माणसांनी देवाच्या आधीच निकाल देऊन टाकण्याचा हा प्रकार होता.

काळाने ह्यात मोठा पालट झाला. १९६२ ते १९६५ ह्या वर्षांत दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. उपासना लोकांच्या भाषेत आली. त्यानंतरच्या सुधारणेत क्रोधाच्या दिवसाचे स्तोत्र अंत्यविधीतून गेले आणि पुनरुत्थानाच्या आशेची प्रार्थना आली. १९८३ च्या नव्या संहितेत आत्महत्या करणाऱ्याला दफन नाकारणारा नियम राहिला नाही. २००७ साली चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने बाप्तिस्मा न झालेल्या बालकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ कारणे आहेत, असे सांगितले. त्याच वर्षी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आशेवर एक परिपत्रक लिहिले आणि त्यात अंतिम न्यायाला भीतीच्या नव्हे तर आशेच्या प्रकरणात घातले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, न्यायच होणार नसेल तर इतिहासात चिरडल्या गेलेल्या माणसांना कोण विचारतो? हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. ज्याचा बांध कोरला गेला, ज्याला कोर्टात दाद मिळाली नाही, त्याच्या दृष्टीने न्यायाचा दिवस हा धमकीचा दिवस नाही. तो त्याच्या सुनावणीचा दिवस आहे.

तहानलेल्याला पाणी

आता वसईच्या आजच्या प्रश्नाकडे येतो, कारण परीक्षेतील दुसरा प्रश्न आमच्याकडे अगदी शब्दश: विचारला गेला आहे.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात बावखले आहेत. बावखल म्हणजे वाडीतले खणलेले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, भोवतालच्या विहिरी गोड ठेवते. जवळच समुद्र. गोड पाण्याचा दाब कमी झाला की खारे पाणी जमिनीखालून आत सरकते. पूर्वी बावखलांवर रहाट फिरत आणि बागा भिजत. १९८० नंतरच्या दशकात मुंबईची वाढ इकडे सरकली. १९९० साली ह्या भागाचे नियोजन सिडकोकडे गेले, इमारती उठल्या, आणि वाडीतल्या विहिरींचे पाणी उपसून टँकरने विकण्याचा धंदा तेजीत आला. विहिरी मचूळ होऊ लागल्या. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत ह्या शहराची वस्ती बारा लाखांवर गेलेली होती.

ह्या लाटेविरुद्ध जी हरित वसईची चळवळ उभी राहिली तिच्या अग्रभागी एक कॅथलिक धर्मगुरू होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालला जन्मलेले, ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादक, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीच्या अनुवाद पुरस्काराचे मानकरी, आणि २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. धर्मगुरूने पाण्याच्या आणि जमिनीच्या भानगडीत का पडावे, असे त्या वेळी पुष्कळांनी विचारले. मला तो प्रश्नच उलटा वाटतो. तहानलेल्याला पाणी दिलेस काय, असे ज्याला एक दिवस विचारले जाणार आहे, त्याने शेजाऱ्याची विहीर खारी होत असताना नुसती माळ जपावी काय?

पण चळवळीत घोषणा देणे सोपे आणि घरात निर्णय घेणे अवघड. आमच्या घरी तो घ्यावा लागला. आमच्या वाडीत एक बावखल आहे. आम्हां चुलतभावंडांचे आणि एका विधवा काकूचे सामाईक. एके दिवशी मध्यस्थ आला. बावखल बुजवून जागा दिली तर चांगली रक्कम मिळणार होती. चुलतभावाला पैशाची निकड होती. मुलीचे परदेशातील शिक्षण ठरले होते आणि त्याच्या मागणीत काहीही वावगे नव्हते. चार रात्री आम्ही ओट्यावर बसलो. कागदोपत्री काय बसते, कोणती परवानगी लागते, सारे झाले. शेवटी काकू म्हणाली, “ह्या पाण्यावर पलीकडच्या सात घरांच्या विहिरी आहेत. त्यांना कोणी विचारलंय का? मला उद्या विचारतील, बावखल कुठं गेलं म्हणून. मी काय सांगू? विकलं म्हणून सांगू?”

भाऊ उसळून म्हणाला, “काकी, तुमच्या स्वर्गाचा हप्ता मी का भरायचा?”

सगळे गप्प झाले. कारण तो खरे बोलला होता. देवाच्या न्यायाचे नाव घेऊन आपली भलाई करून घ्यायची आणि तिची किंमत दुसऱ्याने द्यायची, हा धर्मभोळ्या माणसाचा जुना आजार आहे. दुसऱ्या दिवशी काकूने आपल्या पाटल्या आणून त्याच्यापुढे ठेवल्या. मग बाकीच्यांना गप्प बसणे शक्य नव्हते. कोणी ठेव मोडली, कोणी कर्ज काढले, मुलगी गेली. बावखल आहे. आता मी इथे लिहावे की भाऊही मनापासून सुखावला आणि सारे गोड झाले, तर ते खरे होणार नाही. तो अजून आमच्याशी मोजकेच बोलतो. त्याच्या हिशेबी त्याला जे मिळायला हवे होते त्याहून कमी मिळाले, आणि ते खरेच आहे. वरच्या वहीत हा व्यवहार कसा मांडला असेल ते मला सांगता येत नाही. एवढे ठाऊक आहे की, त्या सात घरांच्या विहिरींचे पाणी अजून गोड लागते, आणि त्या घरांतील पुष्कळांना ह्यातले काहीच माहीत नाही.

घाईतला माणूस

श्रद्धेने माणूस खरोखर बदलतो काय, हे हल्ली शास्त्रज्ञही तपासून पाहतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शरीफ आणि रेमतुल्ला ह्या संशोधकांनी ६७ देशांची आकडेवारी ताडून पाहिली. जिथे स्वर्गावर विश्वास ठेवणारांच्या मानाने नरकावर विश्वास ठेवणारे अधिक, तिथे गुन्ह्यांचे प्रमाण कमी, असे त्यांना आढळले. अर्थात दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारणच असते असे नव्हे.

मला अधिक विचार करावयास लावला तो १९७३ चा एक प्रयोग. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे डार्ली आणि बॅटसन यांनी धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांना एकेकटे दुसऱ्या इमारतीत भाषण देण्यास पाठविले. त्यांतील निम्म्यांच्या भाषणाचा विषय होता, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाची बायबलातील कथा. आणि वाटेत दारात एक माणूस मुद्दाम बसविलेला, खोकणारा, कण्हणारा. ज्यांना वेळ आहे असे सांगितले होते त्यांतील शेकडा ६३ थांबले. ज्यांना ‘लवकर जा, उशीर झालाय’ असे सांगितले होते त्यांतील शेकडा १० थांबले. भाषणाचा विषय दयेची कथा होता की दुसरा काही, ह्याने लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. म्हणजे त्यांना थांबण्यापासून अडविले ते पापाने नव्हे, अश्रद्धेनेही नव्हे, घाईने!

हे वाचून मला हसू आले आणि भीतीही वाटली. कारण घाईची परीक्षा घ्यावयाची तर विरारच्या लोकलइतकी चांगली जागा देवालाही सापडणार नाही. आमच्या आजीच्या काळी पाप करण्यास थोडा तरी वेळ लागे. बांध कोरावयास तीस वर्षे लागली. हल्ली पुण्य टाळण्यास एक क्षण पुरतो. गाडी सुटत असते, जिन्यावर कोणी म्हातारी पिशवी घेऊन बसलेली असते, आणि आपण सारे, ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, तिला वळसा घालून धावत असतो. कोणी निर्दय नसतो. सर्वांना सात-बावन्नची पकडावयाची असते.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेने ह्यावर साधा उपाय काढला आहे. कामावर जात असतानाही ती नेहमी एक गाडी आधीची पकडी. “एवढी घाई कसली?” असे कोणी विचारले तर म्हणे, “घाई होऊ नये म्हणून लवकर निघते. वाटेत कोण भेटेल सांगता येतं का?” त्या पंधरा मिनिटांत तिने कधी कोणाची पिशवी जिना चढवून दिली, कधी कोणाला पाण्याची बाटली दिली, आणि बहुतेक दिवशी काहीच झाले नाही, बाकावर बसून वर्तमानपत्र वाचले. देवाच्या न्यायाविषयी तिने माझ्याशी कधी चर्चा केलेली नाही. मात्र घड्याळ ती अजूनही पंधरा मिनिटे पुढे लावते.